दहा मिनिटांची पावती

“ज्याले टायमावर निंगता येत नाई, त्याले जिंदगीत काहीच जमत नाई,” पंजाबराव शिरसाट म्हणाले.

हे वाक्य त्यांनी उभ्यानं म्हटलं. उभे ते पंचवीस मिनिटांपासून होते. त्यांच्यासमोर तितकाच वेळ अकोल्याचे खुशालराव तायडे उभे होते. “बरं मंग, निंगतो आमी,” असं खुशालराव म्हणाले तेव्हा सव्वादोन वाजले होते, आणि आता पावणेतीनला पाच कमी होते. दोघांचेही हात आपापल्या खुर्चीच्या पाठीवर होते. वेटरनं टेबल दोनदा पुसलं होतं. तिसऱ्यांदा तो नुसताच फडकं हातात धरून ऐकत उभा होता.

वाक्यामागे अधिकार मात्र होता. पंजाबरावांनी एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून तेहतीस वर्षं काढली होती. दर्यापूर, बाळापूर, तेल्हारा, जिकडची म्हणाल तिकडची गाडी त्यांच्या शिट्टीवर अमरावतीहून सुटलेली होती. खिडकीतून हात बाहेर काढून “मावशीले सांगजो गंऽऽ” म्हणणाऱ्या हजारो बायांचे निरोप त्यांनी अर्ध्यावर तोडले होते आणि त्याचं त्यांना कधीही वाईट वाटलं नव्हतं. निवृत्तीनंतर भाऊबंद त्यांना लग्नकार्यात मुद्दाम बोलवत. आहेर, जेवण झालं की पाहुण्यांना गाडीत बसवून वाटेला लावण्याचं काम त्यांचं असे.

आज मात्र गाडी सुटू नये असं त्यांना मनापासून वाटत होतं.

कारण ज्योत्स्ना. ज्योत्स्ना त्यांची एकुलती एक मुलगी. कॉलेजात तासिका तत्त्वावर रसायनशास्त्र शिकवायची. तिला बघायला आजवर चार घरची माणसं आली होती. चारही घरच्यांनी पोहे खाल्ले, चहा घेतला, कौतुक केलं आणि जाताना चपला घालता घालता एकच शब्द उच्चारला होता. “कळवतो.”

नकार देण्यासाठी मराठीत बरेच शब्द आहेत. पण ‘कळवतो’ इतका सभ्य दुसरा नाही. तो उच्चारणारा माणूस पुन्हा कधीही काहीही कळवत नाही. चौथ्या ‘कळवतो’नंतर ज्योत्स्नानं सांगून टाकलं होतं, “बाबा, मी आता ट्रे घेऊन येणार नाही. कोणाले भेटायचं असलं तर बाहेर भेटू. जेवू, बोलू, आपापल्या घरी जाऊ.” म्हणून ही भेट विद्या स्क्वेअरमध्ये ठरली.

विद्या स्क्वेअर म्हणजे कॉलेजांच्या मागच्या मैदानावर वर्षभरापूर्वी उभं राहिलेलं दुकानांचं आणि खाण्यापिण्याचं संकुल. पूर्वी त्या मैदानात पोरं हातगाडीशी उभं राहून आलूबोंडे खात. आता तीच पोरं खुर्चीवर बसून तेच आलूबोंडे खातात, फक्त त्यांना वेगळं नाव पडलं आहे. पूर्वी तिथे गाडी कुठंही लावता यायची, अगदी दुसऱ्याच्या गाडीसमोरसुद्धा. आता पिवळ्या रेघांच्या आत लावायची आणि जाताना फाटकाजवळच्या केबिनमध्ये पायी जाऊन पैसे भरायचे. मग पावती मिळते. ती फाटकावरच्या यंत्राला दाखवली की आडवा दांडा वर जातो. नियम एकच होता: पावती मिळाल्यापासून दहा मिनिटांत गाडी बाहेर पाहिजे. अकराव्या मिनिटाला यंत्र लाल दिवा लावतं, आणि परत केबिन, परत पैसे, परत पावती.

हा नियम बनवणारा माणूस वऱ्हाडातला नसावा. दहा मिनिटांत वऱ्हाडी माणूस फार तर “निंगतो” म्हणतो.

जेवण चांगलं झालं होतं. मुलगा, सुगत, अकोल्याला बियाणं तपासायच्या प्रयोगशाळेत होता. हसतमुख वाटला. त्याची आई माणिकबाई आणि ज्योत्स्नाची आई सुंदराबाई यांनी स्वीट कॉर्न सूप एकाच वेळी नापसंत केलं आणि तेव्हापासून त्या जिवाभावाच्या मैत्रिणी झाल्या. खुशालराव उन्हावर बोलले, कापसावर बोलले, अकोल्याच्या उन्हापुढे अमरावतीचं ऊन म्हणजे सावलीच, असंही बोलले. फक्त ज्या गोष्टीसाठी आले होते तिच्याबद्दल दोन तासांत एक अक्षर नाही. आणि आता ते उभे राहून, घसा खाकरून म्हणत होते, “तं मंग पंजाबराव, कळव…”

“पान!” पंजाबराव ओरडले. “पान खाल्लं नाई तुमी! जेवनावर पान नाई मंजे काय मजा?”

पानाचं दुकान संकुलाच्या दुसऱ्या टोकाला होतं.

पान खाऊन मंडळी केबिनपाशी आली तेव्हा सव्वातीन झाले होते. केबिनमध्ये मैनाबाई बसल्या होत्या. निळा गणवेश, त्यावर शिट्टी, शिट्टीच्या वर चष्मा. त्यांच्या चेहऱ्यावर, ज्याला रोज दिवसभर फक्त निघणारी माणसं दिसतात, अशा माणसाची उदासी होती.

“मी देतो,” खुशालराव खिशात हात घालत म्हणाले.

“कायले? पाहुन्यानं गाडी ठेवाचे पैसे द्याचे? आमच्याकडं असं नसते.”

“गाडी माही हाय, पंजाबराव.”

“गाडी तुमची असन, पन उभी आमच्या गावात होती ना!”

पंजाबरावांनी पैसे भरले. मैनाबाईंनी पावती पुढे सरकवली. “दहा मिन्टात निंगा बरं काका. मंग म्हणान सांगतलं नाई.”

“मले?” पंजाबराव हसले. “बाई, मी एसटीत होतो.”

गाडी फाटकापासून पन्नास पावलांवर होती. ती पन्नास पावलं चालायला चार मिनिटं लागली, कारण मधे दोनदा थांबून खुशालरावांनी “या ना अकोल्याले एकदा” म्हटलं आणि पंजाबरावांनी दोनदा “येऊ ना, काहून नाई येनार” म्हटलं. गाडीपाशी ज्योत्स्ना माणिकबाईंच्या पाया पडली. माणिकबाईंनी तिला जवळ घेतलं. मग सुगत सुंदराबाईंच्या पाया पडला. मग सुंदराबाईंना आठवलं की कुरड्यांची पिशवी हॉटेलातल्या खुर्चीखालीच राहिली.

“अवो, राहू द्या ना ताई,” माणिकबाई म्हणाल्या.

“राहू कशी देऊ? तुमच्यासाठीच तं केल्या!”

पिशवी आली. माणिकबाई म्हणाल्या, “काहून एवढा तरास घेतला?” सुंदराबाई म्हणाल्या, “तरास कायचा?” मग कुरड्यांचे गहू किती दिवस भिजवायचे यावर दोघींचं एकमत होईना. सुंदराबाई तीन दिवसांच्या होत्या, माणिकबाई चार. शेवटी खुशालराव गाडीत बसले, “जय भीम” झालं, उलट “जय भीम” झालं, गाडी फाटकाशी गेली आणि यंत्रानं लाल दिवा लावला.

“बावीस मिन्टं,” मैनाबाई केबिनमधून म्हणाल्या. “घ्या मागं.”

गाडी मागे आली तसे पंजाबरावांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं ते लपवायला त्यांना रुमाल काढावा लागला.

“आता तं मीच देईन,” खुशालराव खाली उतरून म्हणाले.

“हात लावू नका खिशाले! तुमाले शपथ हाय!”

पुढचा सहा मिनिटांचा प्रसंग मैनाबाईंना नवा नव्हता, पण इतका लांबलेला त्यांनी पाहिला नव्हता. खिडकीच्या लहानशा भोकातून दोन हात एकाच वेळी आत आले होते. दोन्ही हातांत नोटा होत्या आणि दोन्ही हात एकमेकांना बाहेर ढकलत होते.

“ओ काका! ओ दुसरे काका!” त्या म्हणाल्या. “हात निंगन का माह्या तोंडापासून?”

शेवटी जो हात जास्त लांब होता त्याचे पैसे त्यांनी घेतले. तो पंजाबरावांचा होता. खुशालराव खजील झाले. कोणी दोनदा आपले पैसे भरावे आणि आपण तसंच गाडीत बसून निघून जावं, हे माणुसकीला धरून नव्हतं. म्हणून ते पंजाबरावांचा हात हातात धरून उभे राहिले आणि काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाले, “तुमच्या मंडळीचं माहेर कोन्तं म्हणले?”

“दर्यापूर.”

“दर्यापूर? दर्यापुरात कोनाचे?”

इथे यंत्राचा काही इलाज नव्हता. दर्यापुरात कोणाचे, हा प्रश्न एकदा विचारला की जोपर्यंत नातं निघत नाही तोपर्यंत वऱ्हाडात कोणी जागचं हलत नाही. सुंदराबाई पुढे झाल्या. त्यांच्या चुलत मामाची मोठी लेक लीलाबाई, ती बाळापूरला दिली होती. माणिकबाईंनी तोंडावर हात ठेवला. “लीलाबाई मंजे… पायानं थोडी लंगडनारी?” “हाव!” “माय माय माय! थे तं माह्या मोठ्या जावेची विहीन हाय!”

नातं निघालं की चहा घ्यावा लागतो. उभ्यानं घेतलेला चहा नात्यात धरत नाहीत. मंडळी पुन्हा आत जाऊन बसली.

सुगत आणि ज्योत्स्ना गाडीपाशीच थांबले होते. दोन तासांच्या जेवणात ते दोघं एकमेकांशी तीन वाक्यं बोलले होते, त्यातलं एक “मीठ द्या” होतं.

“तुमचे बाबा खरंच एसटीत होते?” सुगतनं विचारलं.

“हो. गाड्या सोडायचे.”

“माणसं नाही सोडत?”

ज्योत्स्ना हसली. “काही द्रव लवकर ओतल्या जात नाहीत. चिकटपणा जास्त असला की भांडं उलटं केलं तरी वाट पहावी लागते.”

“आमच्याकडे बियाण्याचं तसंच असते. पाणी घातलं, ऊन दाखवलं, तरी कधी उगवन हे त्याच्या मनावर.” तो थांबला. “तुम्हाले एक विचारू?”

त्यानं काय विचारलं आणि तिनं काय सांगितलं ते पार्किंगमध्ये दुसऱ्या कोणी ऐकलं नाही. दुसऱ्या पावतीची मुदत त्याच सुमाराला संपली.

तिसरी पावती खुशालरावांनी काढली. पंजाबराव चहाचा कप परत ठेवायला गेले असताना ते अक्षरशः पळत केबिनकडे गेले आणि पैसे भरून धापा टाकत परत आले. मैनाबाईंनी या वेळी काहीच म्हटलं नाही. फक्त चष्मा काढून पुसला.

आता मात्र साऱ्यांनाच घाई झाली. गाडी सुरू झाली. सुगत चालवायला, खुशालराव त्याच्या शेजारी, माणिकबाई मागे, कुरड्या त्यांच्या मांडीवर. पंजाबराव गाडीच्या खिडकीवर हात ठेवून बाजूनं चालू लागले. गाडी त्यांच्या चालीनं जात होती, म्हणजे जवळजवळ उभीच होती. मागे सुंदराबाई, त्यांच्या मागे ज्योत्स्ना, आणि ज्योत्स्नाच्या मागे आणखी पाच गाड्या, कारण चार वाजता कॉलेजांचे मास्तर लोक खरेदी संपवून घरी जायला निघत.

फाटक आलं होतं. पान झालं होतं, चहा झाला होता, नातंसुद्धा निघालं होतं. माणसाला थांबवून ठेवायला जगात आणखी काही उरलं नव्हतं. आणि खुशालरावांनी घसा खाकरला.

“तं पंजाबराव, आता कळव…”

“पानी! पानी घेतलं का गाडीत? उन्हाचं पानी पायजे!”

“हाय पानी.”

“थंडं हाय का पन?”

“थंडं हाय. मी काय म्हणून राहिलो, कळव…”

“हवा! चाकाची हवा पाह्यली का? मले मागचं चाक बसल्यावानी दिसून राह्यलं!”

मागच्या गाडीनं हॉर्न वाजवला. तिच्या मागच्या गाडीनं त्याला साथ दिली. मैनाबाई केबिनचं दार उघडून बाहेर आल्या आणि थेट पंजाबराव आणि खिडकी यांच्यामध्ये उभ्या राहिल्या.

“काका, हे तिसऱ्यांदा. वर्स झालं मले या कामावर, एका गाडीले एवढा टाइम कोनी लावला नाई. भांडन हाय का तुमचं?”

“भांडन नाई, बाई,” पंजाबराव अवघडून म्हणाले. “सोयरिकीचं हाय.”

“ठरली?”

पंजाबरावांनी खुशालरावांकडे पाहिलं, खुशालरावांनी पंजाबरावांकडे. हॉर्नसुद्धा थांबले. मागच्या गाडीतल्या माणसानं काच खाली केली.

“नाई ठरली मंजे?” मैनाबाईंनी कमरेवर हात ठेवले. “दुपारपासून जेवून राह्यले, चहा पिऊन राह्यले, पावत्यावर पावत्या फाडून राह्यले, अन् ठरवलं काही नाई? मंग केलं काय तुमी?”

“मले इचारता?” खुशालरावांचा बांध फुटला. त्यांनी अर्धं अंग खिडकीबाहेर काढलं. “मी सव्वादोन वाजल्यापासून सांगाले पाहून राहिलो! हे बोलूच देत नाईत! तोंड उघडलं का पान, तोंड उघडलं का पानी! मले वाटलं, याईच्या मनात नाई. पोरगा पसंत नसन, तोंडावर कसं सांगावं म्हून इषय बदलून राह्यले. म्या तं मानिकले म्हणलं बी, चाल, इथं आपलं काही जमत नाई.”

“पन तुमीच तं ‘कळवतो’ म्हणत होते!” पंजाबराव म्हणाले. “चारदा ऐकलं म्या. चार घरचे ‘कळवतो’ म्हणून गेले, भाऊ. पाचव्यांदा नव्हतं ऐकाचं मले.”

“कळवतो?” खुशालराव त्यांच्याकडे पाहत राहिले. “कळवतो कोन म्हणलं? ‘कळवा’ म्हणत होतो मी! आमच्याकडून होकार हाय, तुमी तारीख कळवा! पुरं वाक्य तं होऊ द्याचं होतं मानसानं!”

तेहतीस वर्षं लोकांचे निरोप मधेच तोडलेल्या माणसानं आयुष्यात प्रथमच आ वासला आणि तो तसाच राहिला. सुंदराबाईंनी पदर डोळ्यांना लावला. मागच्या गाडीतला माणूस मागे वळून तिसऱ्या गाडीला ओरडून सांगू लागला, “‘कळवा’ म्हणत होते! हे समजले ‘कळवतो’!” तिसऱ्या गाडीनं ते चौथीला सांगितलं.

“थांबा,” मैनाबाई म्हणाल्या. “बुढ्याईचं झालं. पोरीले इचारलं का कोनी?”

साऱ्या माना ज्योत्स्नाकडे वळल्या.

“मी तर मघाशीच सांगितलं,” ज्योत्स्ना म्हणाली.

“कोनाले?” पंजाबराव आणि खुशालराव एकदम म्हणाले.

“यांना.” तिनं हनुवटीनं सुगतकडे दाखवलं. सुगतनं नजर स्टिअरिंगवर ठेवली होती, पण त्याचे कान लाल झाले होते. “दुसऱ्या पावतीच्या वेळेस. तुम्ही दर्यापूरवर होते.”

“मंग सांगतलं काहून नाई, पोरी?”

“बाबा, तुम्ही कोणाले बोलू देत होते का?”

पंजाबरावांनी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, पण या वेळी त्यांच्याजवळ पानही नव्हतं आणि पाणीही नव्हतं. खुशालराव खाली उतरू लागले, गळाभेट घ्यायला. मैनाबाईंनी दार बाहेरून दाबून धरलं.

“बसून राहा! उतरले तं आज तुमी जात नाई, अन् हे मागचे बी जात नाईत. गयाभेट लग्नात घ्या.”

सुगतनं पावती यंत्राला दाखवली. यंत्रानं लाल दिवा लावला. तिसऱ्या पावतीलाही सतरा मिनिटं होऊन गेली होती.

खुशालरावांचा हात खिशाकडे गेला. पंजाबरावांचा त्याआधी गेला. मैनाबाईंनी दोघांकडे पाहिलं, मग मागच्या सहा-सात गाड्यांकडे, मग आभाळाकडे. केबिनमध्ये एक हातानं दाबायचं बटन होतं. ते फक्त रुग्णवाहिका आली तर वापरायचं, असं त्यांना नोकरीच्या पहिल्या दिवशी सांगितलं होतं. त्या आत गेल्या. “हे बी तसंच हाय एक परकारचं,” स्वतःशीच म्हणाल्या, आणि बटन दाबलं.

दांडा वर गेला.

गाडी निघाली. माणिकबाई मागच्या काचेतून “चारच दिवस भिजवा हो ताई!” असं ओरडल्या. सुंदराबाईंनी “तीन!” म्हणून तीन बोटं दाखवली. मागच्या गाड्यांनीही हॉर्न वाजवले, पण आता त्यांचा सूर निराळा होता. एकेक गाडी बाहेर पडताना काच खाली करून “अभिनंदन काका” म्हणत गेली. बाहेर पडलेल्या गाड्यांनी अकोल्याकडच्या वळणापर्यंत खुशालरावांच्या गाडीमागं जवळजवळ वरातच धरली.

पंजाबराव फाटकाच्या मधोमध जाऊन उभे राहिले. हात उंच केला. “जय भीम!” त्यांचा आवाज वळणापर्यंत पोचला असावा, कारण तिकडून दोनदा हॉर्न आला. गाडी दिसेनाशी झाली तरी त्यांचा हात खाली येईना. आयुष्यभर गाड्या सोडल्या, पण गाडी सुटल्याचा आनंद असा असतो हे त्यांना आज कळत होतं. डोळे भरून आले होते. हे सगळं कोणालातरी नीट, पहिल्यापासून सांगितलं पाहिजे असं त्यांना वाटलं. पोरीचं लहानपण, ते चार घरचे लोक, आजचा दिवस. ते हळूच मागे वळले आणि म्हणाले, “बाई, तुमाले सांगतो, मानसाच्या जिंदगीत एखांदा दिवस असा येते…”

“हाव काका,” मैनाबाई म्हणाल्या. “जरा तिकडं सरकता का? दांडा खाली घ्याचा हाय.”